छपरावरील अँटेनाचे पूर्ववृत्त

दादर-गिरगावच्या कौलांवर आणि पुण्याच्या पेठांतील गच्च्यांवर एके काळी ज्या ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांची दाटी झाली होती, त्यांचे कुळ शोधू गेल्यास ते जपानातील सेंदाई नगरीच्या तोहोकू शाही विद्यापीठात सापडते. तेथील प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या शिन्तारो उदा यांनी 1926 च्या सुमारास असे दाखवून दिले की, तारेने जोडलेल्या एका दांडीच्या मागे किंचित लांब आणि पुढे किंचित आखूड अशा, कशालाही न जोडलेल्या दांड्या ठराविक अंतरावर बसविल्या, तर समोरून येणाऱ्या विद्युच्चुंबकीय लहरी त्या मधल्या दांडीवर एकवटतात आणि इतर दिशांच्या लहरींना तेथे फारसा थारा मिळत नाही. 1928 मध्ये यागींनी ही विद्या इंग्रजीतून जगापुढे मांडली. तीत उदांच्या श्रमांचा उल्लेख असूनही लोकांच्या तोंडी बसले ते यागींचेच नाव.

स्वदेशात मात्र या शोधाची प्रथम कदर झाली नाही. 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याच्या हाती एका ब्रिटिश रडार-तंत्रज्ञाची टिपणवही लागली, तीत वारंवार येणाऱ्या ‘यागी’ या शब्दाचा अर्थ कोणाला लागेना, आणि अखेरीस हे आपल्याच एका प्राध्यापकाचे नाव आहे, हा उलगडा त्यांना युद्धकैद्याकडून करून घ्यावा लागला. उदा पुढे 1950 च्या दशकात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत येऊन राहिले. आणि त्याच दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी, युनेस्कोच्याच साहाय्याने, भारतातील दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले.

मुंबईत हा योग 2 ऑक्टोबर 1972 रोजी आला. त्यानंतरच्या दोन दशकांत अँटेना बसविणे हा छोटेखानी धंदाच झाला: लोखंडी नळी, तिला ताण देणाऱ्या तारा, चपटी दुपदरी वायर आणि दूरच्या गावी लागणारा बूस्टर. वादळवाऱ्याने किंवा कावळ्यांच्या भाराने दांडी फिरली की पडद्यावर मुंग्या येत, आणि घरातले एक माणूस वर चढे व दुसरे खालून ओरडून चित्राची खबर देई. सुमारे 60 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पाच मीटर भरते आणि जोडलेली दांडी तिच्या निम्मी ठेवावी लागते, म्हणून त्या काळच्या काही अँटेना अडीच-अडीच मीटर रुंद असत.

डिजिटल प्रक्षेपणाचे पर्व सुरू झाले तेव्हा ही सारी सामग्री निरुपयोगी झाली, असा ग्रह अनेक देशांत पसरला आणि ‘डिजिटल अँटेना’ असे छापलेल्या खोक्यांना दुकानांत गिऱ्हाईक मिळू लागले. वस्तुतः पत्र मोडीत लिहिले आहे की बाळबोधीत, याची पंचाईत टपालवाल्याने करावयाची नसते. तद्वत लहरीवर चित्र कोणत्या पद्धतीने आरूढ झाले आहे याच्याशी अँटेनाचा काहीच संबंध नाही, त्याचा उलगडा करणे हे संचाचे काम. अमेरिकेच्या सरकारने हे ओळखून, जुने संच वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला रूपांतरक पेटीसाठी 40 डॉलरची जास्तीत जास्त दोन कुपने देण्याची तजवीज केली आणि 12 जून 2009 रोजी मोठ्या केंद्रांचे जुने प्रक्षेपण बंद केले. छपरावरची अँटेना बहुतेक ठिकाणी जागच्या जागी राहिली. फरक पडला तो दोषाच्या स्वरूपात: पूर्वी लहर क्षीण झाली तरी मुंग्यांच्या आडून चित्र दिसे, आता एका मर्यादेपर्यंत ते निर्दोष दिसते आणि ती ओलांडताच तुकडे होऊन नाहीसे होते.

जपानने ही मुदत 24 जुलै 2011 ठरविली होती. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या भूकंप आणि त्सुनामीमुळे इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना 31 मार्च 2012 पर्यंत सवलत देण्यात आली. सेंदाई ही मियागीची राजधानी. तेव्हा यागी-उदांच्या गावीच जुन्या प्रक्षेपणाचा अंमल सर्वांत शेवटी संपला.

आपल्याकडे अँटेनाला हद्दपार केले ते डिजिटल विद्येने नव्हे, 1990 नंतरच्या केबलने. दूरदर्शनने 2016 मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह 16 शहरांत डिजिटल भू-प्रक्षेपण सुरू केले, तोवर बहुतेक गच्च्या मोकळ्या झाल्या होत्या; आणि हे नवे प्रक्षेपण पाऊणशे सेंटिमीटरांहून कमी लांबीच्या लहरींवर असल्याने आरंभकाळच्या लांब दांड्या तेथे नीट उपयोगी पडत नाहीत. यास्तव ज्यांच्या गच्चीवर असा सांगाडा अद्याप शिल्लक असेल त्यांनी तो भंगारात घालण्यापूर्वी, आपल्या गावी हे प्रक्षेपण पोहोचते काय याची चौकशी करून, त्याची जोडलेली दांडी मोजून पाहावी. ती 30 सेंटिमीटरांच्या आसपास भरली, तर योग्य पेटी जोडून तो सांगाडा प्रक्षेपण-मनोऱ्याच्या दिशेने वळवावा. नवी अँटेना विकत घेण्याचे कारण उरत नाही.