मथळा एक, अर्थ दोन : ‘केसरी’च्या तीन मथळ्यांची गोष्ट

१/ ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या मथळ्यामुळे लोकमान्य टिळकांना तुरुंगवास झाला, असे सांगणारी चित्रे दरवर्षी १ ऑगस्टला फिरतात. मथळा खरा आहे, कारण मात्र चुकीचे आहे. दुहेरी अर्थाच्या शब्दांनी पुण्यातील एका वृत्तपत्राला न्यायालयात कसे उभे केले, हे या धाग्यात पाहू.

२/ २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ, तर रँड ३ जुलैला मरण पावला. सरकारने साऱ्या शहरालाच संशयित ठरवले. मंगळवार, ६ जुलैच्या ‘केसरी’त हा मथळा झळकला.

३/ ‘डोके ठिकाणावर नसणे’ हा घराघरांतला वाक्प्रचार. त्यात ‘भान सुटले’ ही कानउघाडणी आहे आणि ‘वेड लागले’ हा अपमानही. शेवटचा ‘काय?’ व्याकरणाने प्रश्न, स्वराने आरोप. मराठी वाचकाला दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात. इंग्रजी भाषांतरकाराला मात्र त्यांतून एकच निवडावा लागतो.

४/ तरीही त्या वर्षीचा खटला या अग्रलेखावर उभा राहिला नाही. आरोप होता तो १५ जूनच्या, म्हणजे गोळीबाराच्या आठवडाभर आधीच्या अंकावर. ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातील व्याख्यानांचा वृत्तांत त्यात होता. मजकूर शिवाजी महाराजांचा आणि अफझलखानाचा. सरकार पक्षाचे म्हणणे असे, की रोख इंग्रजांवर आहे.

५/ गंमत अशी, की निर्णायक द्व्यर्थी शब्द मराठी नव्हताच. कलम १२४-अ मधील ‘डिसअफेक्शन’ म्हणजे काय? न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितले : सरकारविषयी प्रेमाचा अभाव. द्वेष आणि प्रेम नसणे यांतले अंतरच पुसले गेले. सहा युरोपीय ज्युरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्युरर निर्दोष. शिक्षा : १८ महिने सक्तमजुरी.

६/ अकरा वर्षांनी हेच नाट्य अधिक कठोरपणे घडले. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बॉम्ब फेकला गेला. दोन इंग्रज स्त्रिया बळी पडल्या. १२ मेच्या ‘केसरी’चा मथळा : ‘देशाचे दुर्दैव’. दुर्दैव कोणते? बॉम्ब पडला हे, की बॉम्ब पडावा अशी स्थिती राज्यकर्त्यांनी आणली हे? लेखात दोन्ही होते.

७/ ८ जूनला स्फोटक पदार्थ आणि वृत्तपत्रे यांविषयीचे दोन कायदे संमत झाले. दुसऱ्याच दिवशी मथळा आला : ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. केवळ मथळा वाचला तर प्रश्न पडतो : उपाय कोणाचे? बॉम्बवाल्यांचे की सरकारचे? लेख वाचला की उत्तर मिळते. दडपशाहीचे कायदे हा टिकाऊ उपाय नव्हे. तो लोकांना राजकीय हक्क देण्यात आहे. सरकार पक्षाने त्यातच छुपी धमकी वाचली.

८/ म्हणून १९०८ चा खटला बऱ्याच अंशी भाषांतराचा खटला ठरला. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची एकेका शब्दावर उलटतपासणी घेतली. सुमारे २१ तासांच्या भाषणात त्यांनी सांगितले, की ज्युरीपुढे आपला लेख नाही, त्याचे विपर्यस्त भाषांतर आहे. बहुसंख्य ज्युररना मराठी येतच नव्हते.

९/ २२ जुलै १९०८ : सात युरोपीय ज्युरर विरुद्ध दोन पारशी. न्या. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. पुढे मंडाले.

१०/ द्व्यर्थी मथळ्यांवर आज आपण हसतो आणि पुढे जातो. तेव्हा ज्याच्या हाती सत्ता, त्याचे वाचन हाच अर्थ ठरत असे. कात्रणाची चित्रे पाठवताना आपणही नकळत तेच करतो : मथळा ठेवतो, तारीख आणि लेख गाळतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने निदान एवढे पथ्य पाळावे. मथळ्याखालचा मजकूर वाचल्याशिवाय निकाल देऊ नये.