वेताळ (चित्रकथानायक)

वेताळ : मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्स या चित्रकथामालेचा प्रमुख नायक. मूळ नाव फँटम. अमेरिकन लेखक ली फॉक (१९११–९९) हा त्याचा जनक. रे मूर याच्या चित्रांसह ही कथा १७ फेब्रुवारी १९३६ पासून वृत्तपत्रांतून क्रमशः येऊ लागली. बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी इ. भाषांतही ते निघत असे. १९९० मध्ये ते बंद पडले, तोवर त्याचे सु. ८०० अंक निघाले होते.

अवध्य वीराच्या कथेत त्याचे मर्मस्थान गृहीतच असते. दुर्योधनाची मांडी, कृष्णाचा तळपाय, ग्रीक अकिलीझची टाच ही त्याची परिचित उदाहरणे होत. चित्रकथांतील सुपरमॅन १९३८ मध्ये अवतरला, तेव्हा स्फोटक तोफगोळा त्याची कातडी भेदू शकत होता. पुढे लेखकांनी त्याचे सामर्थ्य इतके वाढविले, की त्याला संकटात टाकणेच अवघड झाले. मग त्याच्या नष्ट झालेल्या जन्मग्रहाचा अवशेष असलेले क्रिप्टोनाइट हे द्रव्य कल्पिण्यात आले. ते १९४३ मध्ये नभोवाणीवरील मालिकेत व १९४९ मध्ये चित्रकथेत आले. त्याचा वापर अतिरेकी झाल्याने १९७१ मध्ये पृथ्वीवरील क्रिप्टोनाइट निष्प्रभ झाल्याचे दाखविण्यात आले, तथापि ते कथांतून फार काळ दूर राहिले नाही. दौर्बल्य बाहेरून जोडले, की ते असे वारंवार काढावे व घालावे लागते.

वेताळाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याच्या ठायी कोणतीही अलौकिक शक्ती नाही. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्यास लागलेल्या एका खलाशाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरीविरुद्ध शपथ घेतली. त्याच्या वंशात पित्यामागून पुत्राने तोच मुखवटा व तोच वेश धारण केला. आजचा वेताळ हा एकविसावा. जंगलातील लोक मात्र चार शतके एकच पुरुष वावरत असल्याचे मानतात आणि शत्रूही त्याच समजुतीने कचरतात. गोळी, सुरा वा ताप यांपैकी काहीही त्याला मारू शकते. म्हणून त्याचे खरे मर्मस्थान शरीरात नसून त्याविषयीच्या वार्तेत आहे. वेताळ मेल्याचे एकदा उघड झाले, की एकवीस पिढ्यांची पुण्याई संपली. चेहरा न दाखविणे, मृत वेताळाला कवटीच्या आकाराच्या गुहेतच गुप्तपणे पुरणे आणि वारसाने विनाविलंब मुखवटा चढविणे हे सर्व याच भयापोटी चालते. वारस नसला, तर परंपराच खुंटावयाची. त्यामुळे १९७७ मधील त्याचा डायना पामरशी विवाह ही केवळ प्रणयकथेची सांगता नव्हती.

लक्षणीय गोष्ट अशी, की इंद्रजालच्या पहिल्याच अंकात त्याच्या पित्याच्या हत्येची व चोरलेल्या कमरपट्ट्याची कथा होती. म्हणजे भारतीय वाचक आरंभापासूनच त्या गुपितात सहभागी होता. कथेत हे गुपित ठाऊक आहे ते बांदर या ठेंगण्या, विषारी बाण वापरणाऱ्या जमातीला, आणि ती ते कधी फोडत नाही. गोरा रक्षक व भाबडे वनवासी ही वसाहतवादी कल्पना या कथांत निश्चितच आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. परंतु रक्षकाचे जीवित रक्षितांच्या मौनावर अवलंबून असल्याने तिला आतूनच छेद जातो. फॉकला ही विसंगती जाणवली होती की नाही, कोण जाणे.

आरंभीच्या कथांतील जंगलाला बंगालशी मिळतेजुळते नाव होते व चाच्यांच्या टोळीस सिंग म्हटलेले होते. भारतीय वाचक दुखावू नये, म्हणून इंद्रजालने देशाचे नाव देंकाली व चाच्यांचे सिंगा असे केले. नायकाचे मराठी नामांतर मात्र विशेष अर्थपूर्ण ठरले. वेताळपंचविशीतील वेताळ प्रेतात वसतो. दक्षिण कोकणात व गोव्यात तो गावाचा राखणदार असून रात्री सीमेवर फेरी घालतो, अशी श्रद्धा आहे. चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा अर्पण करतात.