सोळा पायऱ्यांचा घाट

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर, पोर्ट लुई बंदरात, एक जुना दगडी घाट आहे. त्याच्या पायऱ्या अवघ्या सोळा. परंतु ज्या सहस्रावधी हिंदी मजुरांनी त्या चढल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांना पुन्हा उतरून स्वदेशी परतण्याचा योग आला नाही. ‘आप्रवासी घाट’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या स्थळाचा युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशात समावेश केला.

या बेटाची कथा मोठी विलक्षण आहे. येथे मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच आले आणि १७१० साली निघून गेले. पाठोपाठ फ्रेंच आले. त्यांनी आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणून उसाचे मळे फुलविले. १८१० साली बेट इंग्रजांच्या हाती पडले. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. मळेवाल्यांची हाव मात्र संपली नाही. गुलामांची जागा घेण्यासाठी २ नोव्हेंबर १८३४ रोजीच ‘ॲटलस’ जहाजातून छत्तीस हिंदी मजूर करारावर तेथे उतरले होते. १९२० पर्यंत ही संख्या पाच लाखांच्या घरात गेली. १८६१ च्या शिरगणतीतच बेटावरील सुमारे दोन तृतीयांश लोक हिंदी होते! एका पिढीच्या अवधीत समाजाचा चेहरामोहरा असा पालटल्याची उदाहरणे इतिहासात विरळाच.

हे लोक कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेल्यांत आपली मराठी माणसेही होती. पाच वर्षांचा करार, तुटपुंजा पगार आणि परवान्याशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकण्याची बंदी, अशा जिण्यातही त्यांनी गणपती सोडला नाही. आज गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकविली जाते. मात्र घरातील व बाजारातील व्यवहाराची भाषा क्रिओल झाली, हेही तितकेच खरे. भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, आफ्रिकी आणि फ्रेंच वंशाची माणसे आज तीच बोलतात. काही जपले गेले, काही गमावले आणि काही सर्वांनी मिळून नव्याने घडविले.

परंतु स्थलांतराचा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. त्या सुमारास तेथील अनेक कुटुंबे युरोप-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. पुढे १९७० च्या कायद्याने निर्यातीसाठी कारखाने उभे राहिले, कापड-उद्योग वाढला आणि कामाला माणसे अपुरी पडू लागली. तेव्हा चीन, भारत व बांगलादेश येथून नवे मजूर करारावर येऊ लागले. ज्यांचे पणजोबा करारावर अंगठा उठवून आले, त्यांच्याच गावात आता दुसऱ्या कुणाचा तरी पणजोबा करारावर सही करून उतरत आहे. त्याला ते कसे वागवितात, यावरच आपल्या पूर्वजांचे स्मरण त्यांनी कितपत मनापासून केले, हे ठरणार आहे.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात या दूरच्या बेटाची आठवण का करावी? आपले वाडवडील काही करारबद्ध मजूर म्हणून या परमुलखात आले नाहीत. कुणी रेल्वेत, कुणी टपालखात्यात, कुणी व्यापारात, अशा स्वखुशीच्या वाटांनी ते आले. तरीही परक्या गावातील पहिल्या रात्रीचा एकाकीपणा त्यांनीही अनुभवला होता; त्यातूनच ही वास्तू उभी राहिली. आज या शहरात नोकरीसाठी नवी मराठी मुले येतात आणि मंडळाचा पत्ताही त्यांना ठाऊक नसतो. आपल्या घरांत परभाषी सुना-जावई आले आहेत, नातवंडे दोन-तीन भाषांत हसतात-रुसतात. त्यांना आपण पाहुणे मानणार की घरचे?

पन्नास वर्षांपूर्वी आपण पायऱ्या चढणारे होतो. आज आपण वर उभे आहोत. खाली कुणी उभा असेल, तर हात पुढे करण्याची पाळी आता आपली आहे.