काडेपेटीतील प्रयोगशाळा

प्रयोगशाळा नाही म्हणून प्रयोग नाहीत, ही अडचण आपण शिक्षक नेहमी मांडतो. तिच्यावर एक उत्तर १९७२ साली मध्य प्रदेशात शोधले गेले. किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवायला घेतले. प्रयोग, नोंदी आणि निष्कर्ष, सारे मुलांचेच. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला.

त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंते अरविंद गुप्ता रजा घेऊन तेथे गेले. आठवडे बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्हट्यूब आणि काडेपेटीतील काड्या यांतून त्यांनी सांगाडे रचले. ट्यूबचे तुकडे म्हणजे सांधे, गूल खरवडलेल्या काड्या म्हणजे दांड्या. चार काड्यांचा चौरस बोटाने दाबला की कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण कलत नाही. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोनही ठरतात. चौकोनाचे तसे नाही. पुलांत, छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का, हे मुलांना येथे हाताने कळते.

२००२ मध्ये शासनाने तो कार्यक्रम बंद केला. काड्यांचे प्रयोग मात्र टिकले; पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्तांनी असे अनेक प्रयोग मुलांपुढे ठेवले. आम्हांला यात एक धडा दिसतो: ज्या प्रयोगाला मंजुरी लागत नाही, तो आदेशाने बंदही पडत नाही.

चौरस स्थिर करण्यासाठी पाचवी काडी कोठे लावावी? ती इतर काड्यांएवढीच घेतली तर चौरस चौरस राहील का? उत्तर आपण सांगू नये. मुलांच्या हाती काड्या द्याव्यात.