वेलाच्या उबेची कुळकथा

मार्गशीर्ष-पौषात सांगली जिल्ह्यातल्या कुंडल गावात डोंगरांकडून पहाटे गारठा उतरतो. तो हरभऱ्याला आणि शाळूला मानवतो, द्राक्षबागायतदाराला मात्र भुरीची धास्ती लावतो. याच थंडीत कृष्णाकाठच्या रानांत कलिंगड-खरबुजाच्या लागणी सुरू होतात. हे फळ उन्हाळ्याचं. त्याचं बी १५-१६ अंशांच्या खाली नीट रुजतच नाही, २८-३० अंशांची ऊब मिळाली तर मात्र चार-पाच दिवसांत वर येतं. रात्री १०-१२ अंशांवर आल्या की वेल जागच्या जागी थबकतो. पण पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या उन्हात फळ बाजारात यायचं, तर रोपाचं बालपण थंडीतच जाणार. बी टाकल्यापासून फळ उतरेपर्यंत अडीच-तीन महिने लागतात, त्याला इलाज नाही.

हा पेच आजचा नाही आणि एकट्या कुंडलचाही नाही. दोन हजार वर्षांत ज्यांनी ज्यांनी गार हवेत ही फळं पिकवली, त्या सगळ्यांनी एकच गोष्ट ओळखली होती. आभाळ तापवता येत नाही, पण मुळाखालची वीतभर माती तापवता येते आणि ती ऊब रात्रभर धरून ठेवता येते. या युक्तीची ही कुळकथा आहे. तिच्यातला मोठा वाटा आपल्या नदीकाठच्या माणसांचा आहे, आणि तो त्यांच्या नावावर फारसा कुणी मांडलेला नाही.

आधी फळांचं कूळ पाहू. कलिंगड आणि खरबूज शेजारी विकली जात असली तरी त्यांची घराणी वेगळी. कलिंगड आफ्रिकेचं. सुदानच्या कोर्दोफान भागातलं पांढऱ्या गराचं फळ हे आजच्या गोड कलिंगडाचं सर्वांत जवळचं नातेवाईक असल्याचं २०२१ साली जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. इजिप्तच्या तुतनखामेनच्या थडग्यात कलिंगडाच्या बिया सापडल्या आहेत, म्हणजे तेहतीसशे वर्षांपूर्वी नाईलकाठी हे फळ होतंच. खरबूज मात्र काकडीच्या घरातलं. त्याचे जवळचे रानटी सोयरे आशिया आणि ऑस्ट्रेलियात असल्याचं २०१० च्या एका अभ्यासानं दाखवलं, आणि भारत हे त्याचं फार जुनं घर आहे.

त्याचा पुरावा आपल्या रानातच आहे. बाजरीच्या पिकात आपोआप उगवणारं शेंदाड आणि कोकणात परसदारी पावसाळ्यात लावलं जाणारं, गणपतीच्या दिवसांत पिकणारं चिबूड, ही दोन्ही खरबुजाच्याच जातीची. शेंदाड कोवळं असताना कडवट, पिकल्यावर आंबटगोड आणि घमघमणारं. चिबूड पिकलं की आपणहून उकलतं, गर पिठूळ असतो आणि साखर किंवा गूळ घालून खाल्लं जातं. ढगाळ, ओल्या, उन्हाची वानवा असलेल्या हवेत ही फळं मजेत वाढतात. त्यांना साखर कमी, पण चिवटपणा भरपूर. गोडी वाढवलेल्या खरबुजाकडे हा चिवटपणा नाही, आणि गार हवेत त्याला उबेचा आधार लागतो.

तो आधार आपल्याकडे पहिल्यांदा नदीनं दिला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीच्या अधिकाऱ्याला, म्हणजे सीताध्यक्षाला, कुठल्या जमिनीत काय लावावं याचं मार्गदर्शन आहे. त्यात नदीच्या फेसाचा मार बसणारा काठ वेलीच्या फळांना योग्य म्हटला आहे. पूर ओसरल्यावर उघडी पडणारी ही जमीन वर्षातले सात-आठ महिनेच माणसाची असते. विदर्भात वैनगंगा आणि वर्धेच्या पात्रांत तिच्यावर डांगरवाड्या उभ्या राहतात. तिकडे खरबूज म्हणजे डांगर आणि कलिंगड म्हणजे टरबूज. तापी, गोदावरी, भीमा यांच्या वाळूतही हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतलं गेलं. ते घेणारे बहुतेक ढिवर, भोई, कोळी, कहार, म्हणजे ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, पण नदी ज्यांना तोंडपाठ होती असे लोक.

त्यांची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. कार्तिकात पात्र उघडं पडलं की कोरड्या वाळूत ओल लागेपर्यंत खड्डे किंवा चर घ्यायचे. तळाशी शेणखत आणि गाळाची माती भरायची. बी रात्रभर पाण्यात भिजवून ओल्या कापडात बांधायचं आणि उबेला ठेवायचं, मोड डोकावले की खड्ड्यात टोचायचं. रोप वाळूच्या पातळीखाली राहतं, त्यामुळे नदीवरचा झोंबरा वारा त्याच्या डोक्यावरून जातो. खालचं शेण कुजताना ऊब देतं, दिवसा तापलेली वाळू तीत भर घालते, आणि खोलवरची ओल मुळांना पाणी पुरवते. उत्तर भारतात गंगा-यमुनेच्या पात्रांत थंडी कडक असते, तिथे हेच शेतकरी वाऱ्याच्या बाजूला गवताचे किंवा पेंढ्याचे आडोसे उभे करतात. खत, खड्डा, आडोसा आणि आधी उबवलेलं बी, इतकाच सगळा सरंजाम. गार हवेत खरबूज पिकवण्याचं शास्त्र यात पूर्ण आलं.

दुसऱ्या टोकाला हीच गरज राजवाड्यांत भागवली गेली. रोमचा सम्राट टायबेरियस (राज्यकाळ इ. स. १४ ते ३७) याला काकडीसारखं एक फळ रोज लागायचं. थोरला प्लिनी सांगतो की त्याच्या माळ्यांनी मातीचे वाफे चाकांवर बसवले होते. ऊन असलं की ते बाहेर ढकलायचे, गारठा पडला की पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांनी झाकलेल्या चौकटींखाली आणायचे. ते फळ म्हणजे आजची काकडी नसून खरबुजाच्या जातीचा लांब, वळणदार वाण असावा, असं हॅरी पॅरिस आणि ज्यूल्स जॅनिक या संशोधकांनी २००८ साली मांडलं. तसं असेल तर काचघराच्या इतिहासातलं पहिलं नोंदलेलं फळ खरबुजाच्या घरातलंच ठरतं. चीनमध्ये तांग राजवटीत लिशान डोंगराजवळच्या गरम झऱ्यांचं पाणी राजबागेत खेळवून, चिनी पंचांगाच्या दुसऱ्याच महिन्यात खरबुजं दरबारात पोचवली जात. तिथे शेणाचं काम झऱ्यानं केलं.

खरबुजाच्या ओढीची सर्वांत हळवी नोंद बाबराच्या आत्मचरित्रात आहे. तो फरगाण्याचा. तिकडे दिवसा कडक ऊन, रात्री गार, हवा कोरडी, आणि फळं अतिशय गोड. पानिपतची लढाई जिंकून हिंदुस्थान हाती आला, तरी इथे चांगली खरबुजं आणि द्राक्षं नाहीत ही खंत त्याच्या मनातून गेली नाही. एक खरबूज कापून खाताना आपल्याला रडू आलं, असं त्यानं १५२९ साली लिहिलं आहे. मग त्यानं आग्र्याच्या हश्त बिहिश्त बागेत बल्खच्या माळ्याकडून खरबुजं लावून घेतली. ती लहान झाली, पण चांगली निघाली, आणि त्याचं समाधान झालं. फळ परमुलखात रुजवायचं तर बियाण्याबरोबर ते ओळखणारा माणूसही आणावा लागतो, हे त्याला कळलं होतं.

युरोपात हे ज्ञान घोड्याच्या लिदीवर उभं राहिलं. चौदाव्या लुईच्या व्हर्सायमधल्या भाजीबागेचा प्रमुख ला क्विन्तिनी यानं सतराव्या शतकात लिदीच्या गरम वाफ्यांवर आणि काचेच्या घंटांखाली हंगामाआधीची फळं काढली. पुढे पॅरिसच्या भोवतालच्या माळ्यांनी हीच पद्धत बाजारासाठी वापरली. शहरात घोडे होते तोवर त्यांच्या वाफ्यांना ऊब कमी पडली नाही. इंग्लंडमधल्या बड्या घरांत खरबुजासाठी वेगळी काचघरं बांधली गेली. तिथला ‘अर्ल्स फेव्हरिट’ हा वाण जपानला गेला आणि शिझुओका भागातल्या काचघरांत एका वेलावर एकच फळ ठेवण्याची रीत पडली. कामगिरी मोठी खरीच. पण खालून ऊब, वरून झाकण आणि वाऱ्याला आडोसा, या तिन्ही गोष्टी वाळूतल्या खड्ड्यातही होत्याच.

आता कुंडलकडे येऊ. गाव एका बाजूला कृष्णा आणि दुसऱ्या बाजूला येरळा यांच्या मधोमध. कृष्णाकाठची मळीची जमीन वांग्यांसाठी नावाजलेली. पूर बसून गेला की जो गाळ राहतो त्यावरच ती पिकतात. १९६० च्या दशकात कोयना धरण झालं आणि कऱ्हाडखाली कृष्णेचा स्वभाव बदलला. उन्हाळ्यातही पाणी वाहू लागलं, बंधाऱ्यांनी ते अडवलं, उसाला बारमाही पाणी मिळालं. पात्र मात्र पूर्वीसारखं उघडं पडेनासं झालं. जिथे पडतं तिथली वाळू बांधकामांसाठी उपसली गेली. वाळू गेली की ओल धरणारा थर गेला, आणि वेलाचा बिछानाच गेला. वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यानं डांगरवाड्यांची पात्रं बुडाली. ज्यांची शेती कागदावर नव्हती, त्यांचं नुकसानही कागदावर आलं नाही. ही गोष्ट मला फार लागते.

पात्र सुटलं तसं कलिंगड रानात चढलं. त्यासाठी पाणी वर उचलावं लागतं, आणि त्या कामात कुंडलच्या परिसराचा वाटा आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी देऊ केलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, कारखाना आणि वसाहत उभी केली. निवडुंगानं भरलेल्या त्या माळावर लोखंडी नांगर तयार झाले, पुढे पंप तयार झाले, आणि स्टेशनाचं नावही किर्लोस्करवाडी झालं. विहिरीवर आणि नदीवर पंप बसले तेव्हा कुठल्याही मळ्यात उन्हाळी वेल घेणं शक्य झालं. वाणही बदलले. जपानकडून असाही यामातो आलं, अमेरिकेतल्या ओक्लाहोमात निपजलेलं शुगर बेबी आलं, बंगळुरूच्या संशोधन संस्थेनं अर्का माणिक दिलं, आणि आता शुगर क्वीनसारखे संकरित वाण शिवारभर आहेत.

रानात पाणी आलं, वाण आले, पण नदीची ऊब आली नाही. ती पोकळी प्लॅस्टिकनं भरली. केंटकी विद्यापीठातल्या एमरी एमर्टनं १९४८ साली काचेला परवडणारा पर्याय म्हणून प्लॅस्टिकचा कागद हरितगृहावर ताणला आणि पुढे प्लॅस्टिक जमिनीवरही अंथरलं. आज कुंडलच्या शेतकऱ्याला मल्चिंग पेपर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बेड ओढायचे, ठिबकची नळी टाकायची, वर चंदेरी-काळा पेपर ताणायचा, भोकं पाडून ट्रेमधली रोपं लावायची, तारेच्या कमानींवर पांढरं क्रॉप कव्हर घालायचं. पेपर मातीची ऊब आणि ओल धरतो, कव्हर थंड वारा अडवतं आणि रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीलाही आत येऊ देत नाही. फुलं लागली की कव्हर काढावंच लागतं, कारण मधमाशी आत आली नाही तर फळ धरत नाही.

ज्याला घरापुरतेच दोन वेल लावायचे आहेत, त्याला यातलं काहीच विकत आणायला नको. घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून जागा निवडावी. हिवाळ्यात सूर्य तिकडून फिरतो, भिंत उत्तरेचा वारा अडवते आणि दिवसाची ऊब रात्री परत देते. दीड फूट खोल खड्ड्यात ताजं शेण आणि उसाचं पाचट थराथरानं भरून, पाणी शिंपून दाबावं. दोन-चार दिवसांत ते हात ठेववणार नाही इतकं तापतं. ताप उतरून कोमट झालं की वर वीतभर पोयटा आणि कुजलेलं खत घालावं. बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात आणि वर गोणपाटात गुंडाळून चुलीजवळ किंवा शेणाच्या ढिगाशी ठेवावं. पांढरा मोड तांदळाच्या कणीएवढा झाला की टोचावं. वर कामट्यांच्या कमानीवर जुनं धोतर किंवा साडी टाकावी, ऊन चढलं की काढावी, दिवस मावळायच्या आत परत घालावी.

फुलांचे दिवस आले की सकाळी आठच्या सुमारास वेलाशी बसावं. पातळ देठाचं नुसतं पिवळं फूल नर. ज्या फुलाच्या बुडाशी लव असलेलं, बोराएवढं इवलं फळ दिसतं, ते मादी. मधमाशा कमी असतील तर नर फूल खुडून, पाकळ्या मागे वळवून, पिवळी पूड मादीच्या मधल्या भागावर हलकेच फिरवावी. वेलावर दोन-तीनच फळं ठेवावीत. कलिंगड तयार झालं की देठाजवळची बाळी, म्हणजे ती कुरळी तार, सुकते, जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळसर होतो आणि टिचकी मारल्यावर आवाज बद्द येतो. खरबूज वासानंच सांगतं, आणि त्याचा देठ हलक्या हातानं सुटतो.

या कुळकथेतून मला दोन मागण्या कराव्याशा वाटतात. नदीपात्रात शेती केलेली म्हातारी माणसं अजून हयात आहेत. कृषी विद्यापीठांनी आणि गावोगावच्या शाळांनी त्यांच्याकडून खड्ड्याची खोली, खताचं प्रमाण, बी उबवण्याची रीत नोंदवून घ्यावी, त्यांच्या नावानिशी. आणि ज्यांच्या घरी शेंदाडाचं किंवा चिबडाचं बी आहे, त्यांनी ते राखेत घोळवून, कोरड्या बरणीत ठेवून दरवर्षी थोडं तरी लावावं, थोडं शेजाऱ्याला द्यावं. रोग आणि ओली हवा सोसण्याचा गुण या गावठी बियाण्यात शिल्लक आहे. उद्याचा वाण घडवणाऱ्यालाही त्याच्याकडेच यावं लागेल, म्हणून ते आज आपल्या परसात जिवंत असायला हवं.