प्राणवायूची टाकी सोबत घ्या

तोंडावरचा मास्क काढू नका. तुम्ही ३.४८ अब्ज वर्षं मागे आला आहात. इथल्या हवेत नायट्रोजन आहे, कार्बन डायऑक्साइड आहे. प्राणवायू जवळजवळ नाहीच. पायाखालचा हा काळा खडक पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात सापडणार आहे. शेजारी गरम पाण्याचे झरे वाफ सोडताहेत.

ऊन अंगावर घ्या. तुमच्या काळातल्या उन्हाच्या जेमतेम तीन चतुर्थांश आहे. तरुण सूर्य एवढाच तळपतो. या उन्हात समुद्र गोठायला हवा होता, पण लाटा तुमच्या बुटांवर फुटताहेत. कार्बन डायऑक्साइडसारखे वायू हवेत दाट आहेत, म्हणून ही ऊब टिकली आहे. उथळ पाण्यात पाय जपून टाका. ते बुळबुळीत उंचवटे सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून रचले आहेत. त्यांचेच दगड झालेले थर तुमच्या काळातले भूशास्त्रज्ञ स्ट्रोमॅटोलाइट म्हणून तपासणार आहेत.

पाणी, ऊब, थोडी खनिजं, एवढं पुरतं का? मंगळावर चला, थोडं आणखी मागे. जेझेरो विवरात नदी उतरते आहे, तळं भरलं आहे, मुखाशी गाळाचा त्रिभुज प्रदेश पसरला आहे. जागा झकास आहे. पण मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या एक दशांशच. त्याच्या पोटातली उष्णता लवकर ओसरली, चुंबकीय क्षेत्र विझलं, सौरवाऱ्याने हवा ओरबाडून नेली. ज्वालामुखीही मंदावत गेले आणि गेलेली हवा भरून निघाली नाही. २०२१ साली पर्सिव्हरन्स गाडी याच विवरात उतरेल, तेव्हा तळं कोरडं ठणठणीत असेल.

पृथ्वीवर परत या, पण ७० कोटी वर्षांपूर्वीच्या. स्वेटरने भागणार नाही. विषुववृत्ताजवळही बर्फ आहे. पांढरा बर्फ ऊन परतवतो, त्याने थंडी वाढते आणि थंडीने बर्फ वाढतो. यातून सुटका कशी? बर्फातून डोकं वर काढलेला तो ज्वालामुखी पाहा. त्याचं कार्बन डायऑक्साइड ओकणं थांबलेलं नाही. एरवी पाऊस हा वायू विरघळवून खाली आणतो, ते सौम्य आम्ल खडक झिजवतं आणि कार्बन अखेर समुद्रतळाशी चुनखडीत बंद होतो. भूपट्ट सरकताना तो खोल जातो आणि ज्वालामुखीतून पुन्हा वर येतो. इथे पाऊसच जवळजवळ थांबला आहे, त्यामुळे वायू लाखो वर्षं साठत राहतो. शेवटी तोच बर्फ वितळवतो.

हीच यंत्रणा उलट्या बाजूने चालताना पाहायची तर ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनवर उतरा. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरताहेत, हवेत कार्बन डायऑक्साइड भरतो आहे, हवामान तापतं आहे. पण उष्ण, दमट हवेत ताजा बसाल्ट भराभर झिजतो. त्यातलं कॅल्शियम पावसाबरोबर समुद्राकडे निघतं, सोबत हवेतला कार्बनही. कोकणातल्या घरांच्या भिंतींत दिसणारा जांभा म्हणजे अशा झिजेनंतर उरलेला चोथा.

आता मास्क काढा, आपलं शतक आलं. दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडला की तो ताऱ्यापासून योग्य अंतरावर आहे का, हे आधी पाहिलं जातं. तुम्ही पुढचंही विचारा: त्याच्या पोटात अजून धग आहे का, त्याच्या खडकांवर पाऊस पडतो का, बिघडलेलं हवामान तो पुन्हा ताळ्यावर आणू शकतो का? पृथ्वीने हे वारंवार केलं आहे आणि पुढेही करेल. धुराड्यांतून आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइडसुद्धा पाऊस आणि बसाल्ट मिळून परत नेतील. त्यासाठी त्यांना काही लाख वर्षं लागतील, एवढंच.