वेदगंगाकाठचे पिण्याचे पाणी : पुरात बेट, उन्हाळ्यात टंचाई

दिवाडी, चोडण ही मांडवीतील बेटे गोमंतकीयांच्या परिचयाची आहेत. बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी परिसरात मात्र काही गावे केवळ पावसाळ्यापुरती बेटे होतात. वेदगंगा आणि दूधगंगा या सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या कोल्हापूर जिल्ह्यातून सीमाभागात येतात. एकमेकींना मिळाल्यानंतर त्यांचा प्रवाह पुढे कल्लोळजवळ कृष्णेत विसर्जित होतो. पूर आला की जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज यांसारखे कमी उंचीचे बंधारा-पूल पाण्याखाली जातात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गही बंद पडला होता.

नदीकाठच्या पाणी योजनांची रचना साधी असते. काठावरील जॅकवेलमधून पाणी उपसून ते शुद्धीकरण केंद्रात, तेथून उंच टाकीत आणि मग नळांत सोडले जाते. पुरात ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. मोटारी बुडतात, वीज खंडित होते, गढूळ पाण्याने गाळण यंत्रणेवर ताण येतो. विहिरी आणि कूपनलिकांतही पुराचे पाणी शिरते. चहूकडे पाणी असून पिण्याजोगे पाणी दुर्मीळ होते.

उन्हाळ्यात चित्र उलटे असते. पात्रातील पाणी तेव्हा मुख्यतः वरच्या धरणांतून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून असते. वेदगंगेवर पाटगाव धरण आहे, तर दूधगंगेवर काळम्मावाडी धरण. यांपैकी काळम्मावाडी हा महाराष्ट्र व कर्नाटक यांचा आंतरराज्य प्रकल्प होय. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घालून पाणी अडविले जाते. परंतु त्याच साठ्यावर ऊसशेतीचे पंपही चालतात. निपाणी शहराला जवाहर तलावाचा आधार आहे. एकाच उद्भवावर विसंबलेल्या खेड्यांना तो पर्याय नाही.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. हवामानबदलामुळे अल्पावधीत अतिवृष्टी आणि मध्येच दीर्घ उघडीप अशी स्थिती वाढत असताना केवळ नळजोडण्यांच्या संख्येवरून योजनेचे यश मोजता येणार नाही. योजनेला नदीच्या दोन्ही टोकांच्या पातळ्या गृहीत धराव्या लागतील. त्यासाठी वीजपेट्या आणि मोटारी पूररेषेच्या वर असणे, नदीपासून दूर दुसरा उद्भव राखणे, पावसाळ्यापूर्वी टाक्या स्वच्छ करून क्लोरीनचा साठा गावातच ठेवणे आणि पूर ओसरताच विहिरींचे शुद्धीकरण करणे आवश्यक आहे. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहणे ही शुद्धतेची साधी कसोटी आहे.

म्हादईचा उगम याच जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात होतो. म्हादईच्या पाण्यावर तीन राज्यांत वाद आहे. वेदगंगा-दूधगंगेच्या काठी मात्र धरण एका राज्यात आणि तहान दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती असल्याने विसर्गाची आगाऊ सूचना आणि उन्हाळ्यातील पिण्याच्या पाण्याचे आरक्षण हे दोन राज्यांच्या समन्वयाविना साध्य होणारे नाही.